सूर्यनमस्कार सुरू करायच्या आधी वजन-उंची घे गो ताई

परवा ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती गोव्यात डिचोलीला मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि त्यांच्याकडे आता रोज वीस मिनिटं सूर्यनमस्कार सुरू करणार आहेत. "तुमच्या इंग्लंडात असलं बरंच चालतं ना, फायदा होतो काय सांग गो," म्हणाली.

मी बर्मिंगहॅमला. माझ्या मुलाच्या शाळेत अख्खा वर्ग रोज पंधरा मिनिटं मैदानाला फेऱ्या मारतो, युनिफॉर्मवरच, पाऊस भुरभुरत असला तरी. 'डेली माईल' म्हणतात त्याला, 2012 साली स्कॉटलंडच्या स्टर्लिंगमधल्या एका शाळेत सुरू झालं. पोरं गाल लाल करून वर्गात शिरतात, बघून खूप बरं वाटतं.

पण ताईला मी दुसरीच गोष्ट सांगितली. आमच्याच वेस्ट मिडलंड्समधल्या 54 प्राथमिक शाळांचा एक अभ्यास 2018 मध्ये छापून आला. साधारण निम्म्या शाळांत वर्षभर रोज अर्धा तास जादा हालचाल, आईबाबांसोबत स्वयंपाकाचे वर्ग, वर अ‍ॅस्टन व्हिला फुटबॉल क्लबची साथ, आणि बाकीच्या शाळा नेहमीसारख्या. सव्वा वर्षाने मोजलं, अडीच वर्षांनी परत मोजलं, बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजनात, म्हणण्यासारखा फरक नाही! म्हणून धावणं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, पण पोरं वाढत्या वयाची, दम तर तसाही वाढतो, वजनही बदलतं, मग शेजारची शाळा मोजलीच नाही तर कशामुळे काय झालं हे कळणार कसं?

आणि राबवतं कोण हेही बघावं लागतं. आपल्या पर्वरीच्या 'संगत' संस्थेने बिहारात नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांत काम केलं. मुलांच्या आरोग्याचा कार्यक्रम एकच, काही शाळांत खास नेमलेले समुपदेशक, काही शाळांत तिथलेच शिक्षक. समुपदेशक होते तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मुलांची उदासी कमी झाली, शिक्षकांच्या शाळांत तसं काही दिसलं नाही.

ताई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या डोक्यावर आधीच मुलांच्या मधल्या जेवणातल्या पावभाजीचा हिशोब, निवडणुकीची ड्युटी, त्यात हे पण."

मी म्हटलं, सुरू करायच्या आधी ह्याच आठवड्यात वजन-उंची घे, चपला काढून, सगळ्यांची एकाच काट्यावर, आणि कोण किती फेऱ्या धावतो तेही लिही. यंदा सूर्यनमस्कार नसलेल्या एखाद्या शाळेतही तेच कर.

"शेजारच्या गावची हेडबाई ओळखीची आहे, उद्याच फोन करते. पण काटा नवा लागणार गो, आमचा दोन किलो जास्त दाखवतो."