पुणे ते वेळास, ताम्हिणी-बागमांडलामार्गे: गाडी रिझर्व्हला टाकली आणि बंदच पडली

मार्ग ओळखीचाच आहे. पौड, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास. मी आणि मेहुणा, सोबत त्याची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुनी दीडशे सीसी मोटरसायकल. २०२० साली बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून नव्या गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्याच येतात, पण जुन्या गाड्या घेऊन कोकणात उतरणारे अजून भरपूर आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

ताम्हिणीबद्दल नवीन काही नाही. ऑक्टोबरात धबधबे आटत आलेले असतात, त्यामुळे गर्दीही नाही. टाकी पिरंगुट-पौडकडेच भरून घ्या. घाटात मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

आम्ही पुढे वाटेत एका पंपावर पुन्हा टाकी फुल केली. आदल्या रात्री तिथे पाऊस कोसळून गेला होता, आवारात तळं साचलं होतं. म्हसळ्यापासून गाडी मिसिंग करायला लागली. सपाटीवर बरी चालायची, उतार किंवा वळण आलं की झटके. मेहुणा म्हणाला, "दाजी, कॉकमध्ये कचरा अडकला असेल," आणि त्याने कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, मेनवरून रिझर्व्हला फिरवला. थोडी गेली आणि बागमांडल्याच्या अलीकडे जी बंद पडली ती किका मारून पाय भरून आले तरी हूं की चूं नाही.

अशा वेळी ढकलस्टार्टच्या मागे लागू नका. पेट्रोलचा माग वरून खाली काढत या. आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा आत जावी लागते, नाहीतर धार तुटते. टाचणीने छिद्र मोकळं करा. आमच्याकडे फुस्स झालं नाही.

मग प्लग काढायचा. किका मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाहीये: कॉक, पाइप, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) बघा. पेट्रोलने निथळत असेल तर ओव्हरफ्लो झालाय. चोक बंद, प्लग पुसून परत बसवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किका मारा. आमचा प्लग ओला होता, पण वास जेमतेम, आणि टोकाशी बारीक थेंब धरलेला. पेट्रोल असं थेंब धरून बसत नाही, उडून जातं.

इंजिन गार होऊ दिलं, चावी बंद, कॉक बंद. कार्ब्युरेटरच्या वाटीला खाली एक ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली धरून तो सैल केला. बाटली उजेडात धरल्यावर सगळं कळलं: वर पेट्रोल, खाली वेगळा थर, आणि बाटली तिरकी केली की तो तळाशी गोळा होऊन सरकत होता. पाणी!

आता रिझर्व्हचं कोडं सुटलं. कॉकची मेन नळी टाकीत तळापासून थोडी वर उभी असते, रिझर्व्हचं तोंड अगदी तळाशी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणजे ते बसणार तळालाच. मेनवर असताना ते डुचमळून अधूनमधून वर यायचं. रिझर्व्ह केल्यावर आम्ही गाडीला थेट पाणीच पाजलं. नुकतं पेट्रोल भरलंय आणि झटके सुरू झालेत, तर रिझर्व्हला हात लावू नका. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी विरघळवून घेतं, पण प्रमाण वाढलं की पाण्यासकट वेगळं होऊन खाली बसतं. त्यामुळे पंपाच्या हौदात पाणी शिरलं तर प्रकरण आणखी बिघडतं.

उपाय मात्र सोपा. पाइप कार्ब्युरेटरकडून काढला, बाटलीत सोडला आणि या वेळी मुद्दाम कॉक रिझर्व्हला ठेवून थर दिसेनासा होईपर्यंत तळ काढून घेतला. वाटी पुन्हा रिकामी केली, पाइप जोडला, कॉक मेनला. थोड्या किकांनंतर गाडी आधी खोकली, मग लागली. काढलेलं पेट्रोल खाडीत ओतायचं नाही. आम्ही ते झाकण घट्ट लावून पुढे एका गॅरेजवाल्याला दिलं. हे सगळं करताना आसपास कुणी बिडी ओढत नाही ना, तेही बघा. कोकणात गाडी बंद पडली की मदतीला चार जण जमतात, त्यातला एक तरी ओढणारा असतोच.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ही कारागिरी करू नका, तिथे पाइपमध्ये दाब असतो. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा, मग चावी फिरवून कान द्या. टाकीतल्या फ्युएल पंपाचा बारीक घुंईं आवाज आला नाही तर फ्यूज तपासा. आवाज येत असून गाडी लागत नसेल तर टेम्पो बोलवा.

सोबत प्लगपाना, दोन्ही प्रकारचे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, हातभर पेट्रोल पाइप आणि टाचणी ठेवा. पंपाची पावती जपून ठेवा, तक्रार करताना तीच लागते. पंपावर फिल्टर पेपर मागायचा हक्क आहे, पण तो भेसळीसाठी. तळाचं पाणी त्यावर दिसेलच असं नाही.

फेरीबोटीत गाडी गिअरमध्ये टाकून उभी करा आणि वेसवीच्या उताराला लागण्याआधीच सुरू करून घ्या, मागे गाड्या खोळंबतात. वेळासात गॅरेजच्या भरवशावर राहू नका. काही कुरबुर वाटली तर आधी मंडणगड गाठा.