मंगळाचा पोलीस घरी का गेला नाही

सोमवार

अमेरिकी कॉमिक्समधला मंगळावरून आलेला हिरवा नायक मार्शियन मॅनहंटर, म्हणजे जॉन जोन्झ, घरी परत का जात नाही? त्याच्या सगळ्या गोष्टी याच प्रश्नाभोवती फिरतात असं मला ठामपणे वाटतं. त्याचं पूर्वायुष्य निदान चार वेळा नव्यानं लिहिलं गेलं. प्रत्येक वेळी लेखकानं या प्रश्नाचं जुनं उत्तर खोडून नवं दिलं, आणि उत्तर बदललं की स्वभावही बदलत गेला.

पहिलं उत्तर अगदी साधं आहे. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा २२५वा अंक, नोव्हेंबर १९५५. पुढची पानं बॅटमॅनची, मागे सहा पानांची ही छोटी गोष्ट. लेखक जोसेफ सॅमॅक्सन, चित्रकार जो सर्टा. डॉ. अर्डेल नावाचा म्हातारा शास्त्रज्ञ एक भलंमोठं यंत्र चालू करतो आणि त्याच्या किरणातून मंगळावरचा एक हिरवा माणूस थेट प्रयोगशाळेत येऊन उभा राहतो. परत पाठवायचं तर यंत्राची सगळी मांडणी बदलावी लागेल, त्याला काही वर्षं लागतील, एवढं सांगून होतं आणि धक्क्यानं अर्डेल मरतो. आता मंगळवासी अडकला. तो माणसाचं रूप घेतो, आपल्याच नावाचा इंग्रजी उच्चार उचलून जॉन जोन्स होतो आणि पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह म्हणून नोकरीला लागतो.

म्हणजे घरी न जाण्याचं कारण काय, तर यंत्र बंद पडलंय आणि दुरुस्त करणारा वारलाय. यात शोक नाही, सूड नाही. गाडी चुकलेल्या माणसानं फलाटावर बसून न राहता तिथलंच काहीतरी काम हातात घ्यावं, तसा हा प्रकार. मला हा जोन्झ फार आवडतो. तेव्हा जगाला त्याचा पत्ताच नव्हता. तो अदृश्य होऊन चोर पकडायचा आणि श्रेय जॉन जोन्सच्या नावावर जायचं. १९५९पर्यंत हे असंच चाललं.

मंगळवार

नोंदवून ठेवायला हवं: मंगळाचा पोलीस ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. दोन वर्षं आधी, १९५३मध्ये, 'बॅटमॅन'च्या ७८व्या अंकात रो कार नावाचा मंगळावरचा पोलीस येऊन गेला होता. पण तो आला, काम झालं आणि परत गेला. राहिला तो जोन्झ. कल्पना तीच, फरक फक्त परतीच्या वाटेचा, आणि तेवढ्यावर एक पात्र सत्तर वर्षं टिकलं.

दुसरी गोष्ट तारखेची. अमेरिकी कॉमिक्सचा 'सिल्व्हर एज', म्हणजे महानायकांच्या गोष्टींचा दुसरा बहर, ऑक्टोबर १९५६ला, फ्लॅश या वेगवान नायकाच्या नव्या अवतारापासून मोजतात. जोन्झ त्याच्या अकरा महिने आधीचा. पण मुखपृष्ठ नाही, स्वतःचा अंक नाही, म्हणून मोजदादीत तो मागे पडतो. मला हा अन्याय वाटतो. मार्च १९६०च्या सुमाराला 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या २८व्या अंकात जस्टिस लीग, म्हणजे महानायकांचा संघ, पहिल्यांदा जमली तेव्हा तो संस्थापकांत होता. सुपरमॅन आणि बॅटमॅन त्या गोष्टीत जेमतेम दिसतात. राबतात ते बाकीचे पाच, आणि त्यांत हा एक.

बुधवार

आज शक्तींचा हिशेब. अफाट ताकद, उडणं, अदृश्य होणं, भिंतीतून आरपार जाणं, रूप बदलणं, मन वाचणं, डोळ्यांतून किरण. हे सगळं एकाच माणसात. इथेच त्याची सगळ्यात मोठी अडचण आहे: सुपरमॅनशेजारी उभा केला की दोघांत निम्मं काम एकच. त्यामुळे साठच्या दशकात लीगच्या गोष्टींत तो हळूहळू कडेला सरकत गेला.

लेखकांनी यावर जे उपाय केले ते तपासण्यासारखे आहेत. एक उपाय १९५९चा, 'डिटेक्टिव्ह'च्या २७३व्या अंकातला. त्यानंतर अदृश्य असताना त्याला दुसरी कुठलीही शक्ती वापरता येईना. हा नियम मला उत्तम वाटतो, कारण लढायचं तर दिसावं लागणार. लपून राहणाऱ्या पोलिसाला उघड्यावर आणायला एवढं पुरलं. पुढे हा नियम गळून पडला, ते काही बरं झालं नाही.

दुसरा उपाय आळशी आहे आणि आजही सर्रास वापरतात. शत्रू किती मोठा हे दाखवायचं म्हणून सुरुवातीलाच जोन्झला बेशुद्ध पाडायचं. मन वाचणारा जागा राहिला तर कट दुसऱ्या पानावर फुटेल, ही भीती त्यामागे. त्याला लिहायची कुणाला इच्छा असेल तर या वाटेनं जाऊ नये. मन वाचून काय कळतं? समोरच्याला जे खरं वाटतं ते. प्रत्यक्षात काय घडलं ते नाही. चुकीचं पाहिलेला साक्षीदार मनातही चुकीचंच पाहतो. गुन्ह्याची आठवण स्वतःपुरती बदलून घेतलेला माणूस मनातही निर्दोष असतो. म्हणजे तपास उरतोच. शिवाय मनात शिरायला परवानगी हवी. ज्या समाजात सगळेच एकमेकांची मनं ऐकतात, तिथे दार वाजवण्याचे रीतिरिवाज आपल्यापेक्षा कडक असणार. जोन्झचा संकोच, त्याचं कमी बोलणं, हे त्या शिस्तीतून आलेलं दाखवलं की पात्र उभं राहतं. नुसतं गंभीर तोंड काढून ते होत नाही.

तिसरा उपाय ग्रँट मॉरिसन आणि हॉवर्ड पोर्टर यांच्या १९९७च्या 'जेएलए' (जस्टिस लीग ऑफ अमेरिका) या मालिकेत दिसतो. तिथे जोन्झ सगळ्यांची मनं एकमेकांना जोडून ठेवतो. लढाईत कोण कुठे आहे, कुणाला मदत हवी, हे त्याच्यातून जातं. सुपरमॅनला हे जमणार नाही. ताकदीची बरोबरी करायच्या भानगडीत न पडता त्याला वेगळं काम दिलं, आणि तो आपोआप संघाचा कणा झाला.

गुरुवार

आगीबद्दल.

अग्नी ही त्याची कमजोरी. जुन्या गोष्टींत ती जशी वापरली आहे ती वाचताना त्रास होतो. जवळपास कुठे जाळ दिसला की पहाडासारखा माणूस कोलमडतो. मग प्रत्येक चोराच्या खिशात काडेपेटी का नाही, असा प्रश्न वाचकाला पडतो, आणि एकदा पडला की गोष्ट संपली. आगीला मोजमाप नसल्यामुळे हे होतं. काडीनं काय होतं, शेगडीनं काय होतं, पेटलेल्या इमारतीत काय होतं, हे लेखकानं आधी स्वतःशी ठरवलेलं असलं पाहिजे.

पण 'किती आग' याहून 'आगच का' हा प्रश्न मोठा, आणि त्याचं उत्तर थेट घराच्या प्रश्नाला जाऊन भिडतं.

इथे थोडं मागे जायला हवं. जुलै १९६५मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्यानं २१ पूर्ण छायाचित्रं व बाविसाव्याचा तुकडा पाठवला. कालवे नाहीत, शहरं नाहीत, चंद्रासारखी विवरं. हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. त्यानंतर मंगळावर हिरव्या माणसांची नांदती वस्ती आहे हे मुलांनासुद्धा पटवणं अवघड झालं. मे १९६९च्या 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'च्या ७१व्या अंकात डेनी ओ'नील यांनी मंगळावरची वस्तीच संपवली. ब्लँक्स नावाच्या सेनानीच्या हातून ग्रह जळतो आणि जोन्झ उरलेल्या लोकांच्या शोधात अवकाशात निघून जातो. त्या गोष्टीवर मरिनरचा थेट परिणाम होता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आकाशातला मंगळ ओसाड निघाल्यावर चार वर्षांत कागदावरचाही ओसाड झाला, हा क्रम विसरता येत नाही. घरी का नाही जात याचं दुसरं उत्तर हे: घरच जळालं.

तिसरं उत्तर १९८८चं. चार अंकांची मालिका, लेखक जे. एम. डिमॅटिस, चित्रकार मार्क बॅजर. माझ्या मते जोन्झबद्दल लिहिलेलं सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर हेच. इथे अर्डेलच्या यंत्रानं त्याला नुसतं दुरून नाही, तर फार जुन्या काळातून ओढून आणलेलं असतं. मंगळावर साथ येऊन गेलेली. ती मनातून मनात पसरायची आणि माणूस जळून जायचा. तिचं नाव ह्रॉनमीरचा शाप. बायको मायरिया आणि लहान मुलगी खिम दोघी त्यात गेल्या. पृथ्वीवर पोचलेला जोन्झ दुःखानं वेडा झालेला होता. त्याला सावरायला अर्डेलनं एक सोसवेल असं रूप आणि सोसवतील अशा आठवणी दिल्या. म्हणजे कपाळाची जाड कड, निळा झगा, छातीवर लाल पट्टे असलेला तो ओळखीचा हिरवा नायक हाही एक वेषच. खरं अंग उंच, सडपातळ, माणसाशी फारसं न जुळणारं.

आता आग कमजोरी का, हे आपोआप उलगडतं. जाळ दिसला की त्याला खिम दिसते.

पुढे २००३-०४मध्ये 'जेएलए'च्या ८४ ते ८९ या अंकांत जो केली आणि डग मान्की यांनी वेगळं कारण दिलं: प्राचीन मंगळवासी आगीवर पोसणारे आणि क्रूर होते, म्हणून विश्वाच्या रखवालदारांनी त्यांच्या रक्तातच आगीची भीती पेरली. कथानक वेगवान आहे, चित्रं दणदणीत आहेत. तरीही मला हे पटत नाही. दुःखाच्या जागी बाहेरून बसवलेलं कुलूप आलं, आणि कुलूप म्हटलं की किल्ली शोधणं एवढंच उरतं.

शुक्रवार

स्वभाव. लोक त्याला थंड समजतात. १९८७पासूनच्या कीथ गिफन, डिमॅटिस आणि केविन मॅग्वायर यांच्या लीगमध्ये भोवती ब्लू बीटल आणि बूस्टर गोल्डचा दंगा चालू असतो आणि हा मध्ये शांत उभा. पण तोच माणूस ओरिओ बिस्किटांसाठी जीव टाकतो. पुढे कॉमिक्समध्ये त्या बिस्किटांचं नाव 'चोकोज' झालं. लेखक ऑस्ट्रँडर आणि चित्रकार मँड्रेक यांच्या, जोन्झवरच्याच मालिकेच्या २४व्या अंकात तर या गोडीचं खरंखुरं व्यसन होतं. बिस्किटं गमतीची म्हणून सोडून देऊ नयेत. ज्याचं सगळं मागे राहिलं, त्याला या ग्रहावर आवडलेली ही पहिली स्वतःची गोष्ट आहे. ती चवीची आहे, शक्तीशी तिचा संबंध नाही.

मराठी वाचकाच्या ओळखीचा मुखवटेधारी म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. एकवीस पिढ्यांचा वारसा, कवटीची गुहा, पूर्वजांच्या नोंदी. त्याच्या उलट जोन्झ. त्याच्या मागे कुळ नाही, गुहा नाही आणि ज्यात नोंद करावी अशी वही नाही. म्हणून तो रूपं घेत राहतो. १९९८ ते २००१च्या ऑस्ट्रँडर-मँड्रेक मालिकेत जगात ठिकठिकाणी त्याची वेगवेगळी माणसं आहेत, नावं वेगळी, कामं वेगळी. त्याच मालिकेत साथ पसरवणारा त्याचा सख्खा भाऊ मालेफाक निघतो. ही भर मला अर्धीच पटली. साथीला चेहरा दिला की राग धरायला जागा मिळते, आणि नुसता शोक करण्याची वेळ टळते.

२०११मध्ये प्रकाशकांनी सगळ्या गोष्टी नव्यानं सुरू केल्या. त्या फेरमांडणीत लीगच्या संस्थापकांतून त्याला काढलं, ती खुर्ची सायबॉर्ग या अर्ध्या यांत्रिक नायकाला मिळाली. सायबॉर्ग चांगला आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण लीगच्या पहिल्या गोष्टीपासून असलेल्या माणसालाच बाहेर बसवलं, हे अजून खटकतं.

शनिवार

नव्यानं वाचणाऱ्यासाठी क्रम. आधी १९५५ची सहा पानं. मग लगेच १९८८चे चार अंक, मधलं काही न वाचता. दोन्हींत प्रसंग तोच असल्यामुळे लेखकानं नेमकं काय बदललं ते स्वच्छ दिसतं. त्यानंतर डार्विन कुक यांचं २००४चं 'द न्यू फ्रंटियर'. त्यात पन्नाशीच्या दशकातली अमेरिका परक्या माणसाकडे किती संशयानं बघते ते दिसतं, आणि टीव्हीवरचे कार्यक्रम बघून माणसांची रूपं शिकणारा जोन्झही त्यात आहे. साठच्या दशकातल्या 'हाउस ऑफ मिस्टरी'मधल्या गोष्टी शेवटी ठेवाव्यात. दुष्ट मूर्तीचं डोकं दर अंकात नवा राक्षस काढतं आणि जोन्झ हरवून जातो.

पडद्यावरून येणाऱ्यांनी २००१च्या 'जस्टिस लीग' कार्टूनमधला कार्ल लंबली यांचा आवाज ऐकावा. खाली ठेवलेला, घाई नसलेला. नाताळच्या एका भागात क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, त्याला आईवडिलांच्या शेतघरी घेऊन जातो आणि शेवटी हा खिडकीशी मांजर घेऊन आपल्या भाषेत गातो. शब्द कळत नाहीत, आणि ते कुणी समजावूनही सांगत नाही.

रविवार

चौथं उत्तर स्टीव्ह ऑर्लँडो आणि रायली रॉस्मो यांच्या १२ अंकांत आहे, २०१८च्या अखेरीपासून २०२०पर्यंतच्या. यात मंगळावरचा जोन्झ लाचखोर पोलीस आहे. बायको-मुलीवर प्रेम आहे, पण हात बरबटलेले. आता घरी न जाण्यात नुसतं दुःख उरत नाही, शरमही येते. सुरुवातीला मला हा बदल नकोसा वाटला होता. सत्तर वर्षांचा सज्जन माणूस असा मळवायचा कशाला? पण पृथ्वीवर आल्यावर तो पुन्हा पोलीसच का होतो, याचं खणखणीत कारण पहिल्यांदा इथे मिळतं. १९५५मध्ये ती एक नोकरी होती. इथे जे एकदा बिघडवलं तेच नीट करायची ती दुसरी संधी आहे.

आणि डायेन मीड. ती १९५७मध्ये 'डिटेक्टिव्ह'मध्ये आली. आयुक्तांची मुलगी, नवखी पोलीस. गोष्ट चालावी म्हणून चुका करणं हे तिचं काम, आणि शेजारी बसलेला जॉन जोन्स कोण आहे ते तिला कळू न देणं हे जोन्झचं. ऑर्लँडोच्या पहिल्याच अंकात ती त्याची जोडीदार आहे. गाडीला अपघात होतो, गाडी पेटते, आगीपुढे त्याला रूप धरून ठेवता येत नाही. जॉन जोन्सचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत वितळतो. ती पिस्तूल काढते.