आमची वाटचाल : बुधवारची पहाट आणि ६१ नंबरचा कॉलम

सुरुवात कोथरूडच्या दोन खोल्यांत. एक असेंबल केलेला पीसी, एक यूपीएस जो लाईट गेली की सगळ्यात आधी स्वतःच मान टाकायचा, आणि पार्टनरने लिहिलेली पर्लची स्क्रिप्ट. काम एकच, पीडीबी म्हणजे प्रोटीन डेटा बँकेतली प्रोटीन स्ट्रक्चर्स (कुठला अणू कुठे बसलाय याचे नकाशे) उतरवायची, साफ करायची आणि फार्मावाल्यांना डॉकिंगसाठी, म्हणजे औषध प्रोटीनमध्ये कसं बसतं हे कॉम्प्युटरवर बघण्यासाठी, तयार करून द्यायची. लोक म्हणायचे अरे ती बँक १९७१ ला ७ स्ट्रक्चर्सवर सुरू झाली, आज कुणीही उघडून बघू शकतो, मग तुम्ही विकता काय? साफसफाई विकतो. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल उलटं बसलंय का, एकाच अणूच्या दोन जागा दिल्या असतील (ऑल्टलोक) तर ए ठेवायची की बी, कुठलं पाणी काढायचं आणि कुठलं चुकूनही काढायचं नाही, हे एकदा स्वतः करून बघा.

नवी स्ट्रक्चर्स दर बुधवारी आपल्या पहाटे साडेपाचला खुली होतात, त्यामुळे आमच्याकडे दूधवाला आणि आर-सिंकने उतरणाऱ्या नव्या फाईली एकदमच यायच्या.

मधली वर्षं बरी गेली. मग जुलै २०२२ ला अल्फाफोल्डने, म्हणजे प्रोटीनचा आकार प्रयोगाशिवाय वर्तवणाऱ्या एआयने, २० कोटींच्या वर मॉडेल्स एकदम खुली केली आणि आमच्या पाचपैकी तीन क्लायंटनी रिन्यूअल थांबवलं. पार्टनर नोकरी धरून हैदराबादला गेला. त्याचा राग नाही, घराचे हप्ते त्याला होते.

राग त्या दुसऱ्या कंपनीचा आहे, नाव घेत नाही. ठाण्याच्या आमच्या क्लायंट मॅडमनी मला त्यांच्या डेमोला मुद्दाम बसवलं होतं. मोठी स्क्रीन, अल्फाफोल्डचं प्रोटीन गोल फिरतंय, आणि तो पोरगा शेवईसारख्या लोंबणाऱ्या शेपटाकडे बोट दाखवून सांगतोय, हा निळा भाग एकदम स्टेबल! मॅडमनी शांतपणे विचारलं, हा आकडा कुठून घेतला? म्हणे बी-फॅक्टर. अहो, पीडीबी फाईलच्या ६१ ते ६६ कॉलममध्ये अल्फाफोल्ड बी-फॅक्टर ठेवतच नाही, तिथे मॉडेलचा भरवसा असतो, ० ते १००. बी-फॅक्टर जास्त म्हणजे अणू डळमळीत, आणि इथे आकडा जास्त म्हणजे जागा पक्की. सगळं चित्र उलटं रंगवलं होतं! मी जीभ चावून बसलो. आणि ऑर्डर? त्यांनाच. डॅशबोर्ड छान होता म्हणे, वरच्या साहेबांना आवडला.

तीन महिन्यांनी मॅडमचा फोन. टार्गेट, म्हणजे औषधाने गाठायचं प्रोटीन, एचडीएसी या एन्झाइमच्या घराण्यातलं, औषध झिंकला धरणारं, आणि मॉडेलमध्ये झिंकच नाही, कारण अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये नुसतं प्रोटीन असतं, ना धातू ना लिगँड (प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू) ना पाणी. "तुमची जुनी क्रिस्टलवाली, प्रयोगातून आलेली स्ट्रक्चर्स द्या हो." छोटंसंच काम, पण त्यावर ऑफिसचं भाडं निघालं. या बाई पहिल्या वर्षापासूनच्या, लिगँडच्या जागी डेन्सिटी, म्हणजे प्रयोगात दिसलेला इलेक्ट्रॉनचा ढग, खरंच आहे का हे स्वतः कूट या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितल्याशिवाय बिल पास करत नाहीत, आणि पास केलं की वीस दिवसांत पैसे.

नवीन पोरांनो, रिझोल्यूशन (चित्राचा बारकावा) १.८ अँगस्ट्रॉम वाचून भुलू नका, ती डेन्सिटी बघा. आणि जुना पीडीबी फॉरमॅट सोडा, अणू ९९,९९९ च्या वर गेले की तो संपला, एमएमसिफ हा नवा फॉरमॅट शिका.

स्क्रिप्ट अजून तीच चालते. त्यात पार्टनरच्या हातची कमेंट आहे, स्ट्रक्चरचा आयडी ४ अक्षरांचाच असतो, चिंता नको. आता १२ अक्षरांचे आयडी येणार, तेव्हा ती ओळ बदलावी लागेल, त्याआधी त्याला एक फोन करीन म्हणतोय.