आमची वाटचाल: पंप, पंखा आणि मिटत गेलेल्या खाणी

आमच्या वर्कशॉपचं पहिलं काम म्हणजे एक कुरतडलेला इम्पेलर, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. वडील भूमिगत कोळसा खाणीत पंप फिटर होते. नोकरी सोडली तेव्हा त्यांच्याकडे एक जुनी लेथ होती, एक ड्रिल मशीन होतं आणि खाणीतल्या प्रत्येक पंपाचा आवाज ओळखणारे कान होते. इम्पेलर त्यांच्याच जुन्या खाणीतून आला. बसवून वर्षही झालं नव्हतं, तरी पाती उंदरांनी खाल्ल्यासारखी झाली होती.

दोष पाण्याचा होता. कोळशात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. खोदकामानं त्याला हवा लागली आणि वर पाणी मिळालं की आम्ल तयार होतं. असं पाणी बिडाचा इम्पेलर टिकू देत नाही. वडिलांनी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करून तोच इम्पेलर गनमेटल या तांबं-कथलाच्या मिश्रधातूत ओतवून घेतला आणि लेथवर फिनिश केला. तो टिकला, आणि आजूबाजूच्या लहान खाणींचे फिटर आमच्याकडे येऊ लागले.

लहान खाण म्हणजे शंभर-दोनशे माणसांची. खाली उतरायला एक इन्क्लाइन म्हणजे उताराचा बोगदा, टब (कोळशाचे छोटे डबे) दोरानं ओढणारं एक हॉलेज, हवा खेळवणारा एक पंखा, दोन-तीन पंप. अशा खाणीला स्वतःचं मोठं वर्कशॉप परवडत नाही, म्हणून आमच्यासारख्यांची गरज पडायची. टबांची चाकं आणि अ‍ॅक्सल, ड्रॉबार, हॉलेजच्या गिअरबॉक्सचे दात, पंख्याची बेअरिंग, दोराच्या टोकाला व्हाइट मेटल ओतून सॉकेट बसवणं, सगळं आम्ही केलं. मंकी कॅचही बनवल्या. चढावर दोर तुटला किंवा कपलिंग सुटलं, तर मागे धावणारा टब ती अडवते. खाली त्याच रुळांवर माणसं काम करत असतात. म्हणून तिचा एकही वेल्ड वडिलांनी स्वतः तपासल्याशिवाय कधी बाहेर गेला नाही.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. फ्लेमप्रूफ मोटर दुरुस्त करून पाठवली होती. खाणीत मिथेन असतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के झालं की ठिणगी पुरते. फ्लेमप्रूफ मोटरच्या आत स्फोट झाला तरी ज्वाळा झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येता येता थंड व्हावी, अशी तिची घडण असते. ती फट आणि तिचे गुळगुळीत काठ हाच सगळा बचाव. आमच्या वर्कशॉपमधल्या एका मुलानं गंज काढताना त्या काठावर कानस चालवली. खाणीच्या इलेक्ट्रिकल फोरमननं फट मोजायचं फीलर गेज लावलं आणि मोटर दारातूनच परत पाठवली. वडील त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फ्लेमप्रूफ कामाचं वेगळं टेबल झालं. त्या टेबलावर आजही कानस ठेवत नाही.

काम मी हाती घेतलं तेव्हा खाणी एकेक करून मिटायला लागल्या होत्या. लोक म्हणायचे, कोळसा संपला. कोळसा संपलेला नव्हता. आम्ही खाली जात होतो, त्यामुळे मला हे डोळ्यांनी दिसत होतं. बोर्ड अँड पिलर पद्धतीत आधी गॅलऱ्या म्हणजे बोगदे काढतात आणि मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात. शेवटी मागे मागे येत ते खांब काढायचे असतात. पण वर घरं असली, रेल्वे असली किंवा नाला असला, तर वाळू भरल्याशिवाय खांबांना हात लावता येत नाही. वाळू, तिची पाइपलाइन, पुन्हा तिचं पाणी उपसणं, एवढा खर्च लहान खाणीला झेपायचा नाही. अर्ध्याहून जास्त कोळसा खांबांच्या रूपात उभा असताना खाण बंद झालेली मी पाहिली आहे.

खरं कारण माझ्या मते पंप आणि पंख्यात आहे. ते सुट्टी घेत नाहीत. संप असो, सण असो, फेसवरून, म्हणजे जिथे कोळसा खोदतात तिथून, एक टबही न निघो, पंखा फिरलाच पाहिजे आणि पाणी उपसलंच पाहिजे. कामगारांचे दिवे ठेवायची लॅम्प रूम उघडी ठेवावी लागते, गॅस तपासणारा सरदार खाली जावा लागतो. हा खर्च दिवसाला 50 टन निघाले तरी तेवढाच आणि 500 टन निघाले तरी जवळपास तेवढाच. फेस जसजसा दूर जातो, तसा तो वाढतच जातो. उघड्या खाणीत मात्र शंभर टनांचा डंपर एका खेपेत जेवढं उचलतो, तेवढं भरायला आमच्या टबांना अख्खी पाळी लागायची. लहान खाणीतली माणसं आळशी नव्हती. पण हे गणित त्यांच्या हाताबाहेरचं होतं.

हे सगळीकडे झालं. भारतात 1972 मध्ये कोकिंग कोळशाच्या आणि 1973 मध्ये बाकीच्या बहुतेक खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, शेकडो लहान खाणी एकत्र केल्या गेल्या आणि पुढची वाढ मुख्यतः उघड्या खाणींतून झाली. अमेरिकेत 1968 च्या फार्मिंग्टन स्फोटात 78 कामगार गेले आणि पुढच्याच वर्षी कडक सुरक्षा कायदा आला. त्याचा खर्च न पेलल्यानं कित्येक लहान खाणी थांबल्या. मी कायद्याच्या बाजूचा आहे. 1975 मध्ये चासनाला खाणीत पाणी घुसून 375 माणसं गेली. पाणी काय करतं हे पंपवाल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पुढे ब्रिटनची शेवटची खोल खाण केलिंग्ली 2015 मध्ये आणि जर्मनीतली प्रॉस्पर-हॅनिएल 2018 मध्ये बंद झाली. त्या तर मोठ्या खाणी होत्या.

आमच्या वहीत हा उतार आधीच दिसला होता. टबांच्या जागी बेल्ट कन्व्हेयर आले, तेव्हा चाकांचं काम गेलं. हातानं भरणाऱ्या लोडरांच्या जागी कोळसा उचलून बाजूला ओतणारी एसडीएल यंत्रं आली. त्यांची हायड्रॉलिक दुरुस्ती आम्ही नव्यानं शिकलो. कंटिन्युअस मायनर, म्हणजे कोळसा सलग कापत जाणारं मोठं यंत्र, ज्या खाणीत उतरतो तिला लहान वर्कशॉप लागतच नाही. दरम्यान एका मोठ्या कंत्राटदारानं आमचं जवळजवळ दोन वर्षांचं बिल बुडवलं आणि तीन मुलांना मला घरी पाठवावं लागलं. त्यातल्या एकाला मी पुन्हा कामावर घेऊ शकलो. दोघांना नाही, हे मला अजून लागतं.

सगळ्यात अवघड काम शेवटचं असायचं. खाण बंद करायचं ठरलं की पंप वर काढायला आम्हालाच बोलवत. आधी सर्वांत खालचा पंप सोडवायचा, पाइप खोलायचे, हॉलेजनं वर घ्यायचे. मग त्याच्या वरचा. प्रत्येक पंप निघाला की खालच्या गॅलऱ्यांत पाणी चढू लागतं. दिव्याच्या उजेडात ते हलताना दिसत नाही. खांबावर खडूनं रेघ मारून ठेवली की तासाभरानं कळतं. अशाच एका खाणीत वडील माझ्याबरोबर उतरले होते. त्यांनी ज्या पंपावर पहिली नोकरी केली, त्याच्याच पायाचे बोल्ट मी खोलत होतो. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला आणि शेवटचे दोन बोल्ट स्वतः काढले. वर येईपर्यंत आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

आज आमच्याकडे सात माणसं आहेत. उघड्या खाणींतलं पाणी उपसणारे डीवॉटरिंग पंप, कारखान्यांचे पंप, थोडं हायड्रॉलिकचं काम, यावर घर चालतं. पॅटर्नची खोली मी मोडली नाही. तिथे दोनशेच्या वर लाकडी नमुने आहेत, प्रत्येकावर वडिलांच्या अक्षरात खाणीचं नाव आणि पंपाचा नंबर. बंद खाणीत साचलेलं पाणी शुद्ध करून वापरण्याच्या एका कामासाठी गेल्या पावसाळ्यानंतर मला विचारणा झाली. तिथला पंप जुना होता, कंपनी सुटे भाग देत नव्हती. नंबर ऐकून मी खोलीत गेलो, वरच्या फळीवरचा पॅटर्न काढला, पुसला आणि ओतकामाला पाठवला. पाणी आम्लाचं आहे, म्हणून धातू गनमेटलच सांगितला.