बिटकॉइनची किर्द आणि पॉपकॉर्नचा डबा

परवा रात्री भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, हॉस्टेलवर कुणीतरी त्याला छातीठोकपणे सांगितलंय की बिटकॉइनचा माग कुणाला काढताच येत नाही, म्हणून तर डार्कनेटवर, म्हणजे साध्या ब्राउझरने न उघडणाऱ्या इंटरनेटच्या छुप्या कोपऱ्यात, सगळा धंदा त्यात चालतो. "मामा, खरंय का हे?" मी सांगायला लागलो तोवर त्याची मेस बंद व्हायची वेळ झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. पण हा विषय गेली दहा-अकरा वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे म्हटलं आता सगळं लिहूनच काढू.

सांगलीला आमच्या घरची हळदीची आडत होती. आजोबांच्या गादीवर लाल कापडाची किर्द असायची आणि दिवाणजींचा एक नियम होता, किर्दीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर खाली उलटी नोंद घालायची, पण वर लिहिलेली ओळ तशीच राहणार. बिटकॉइन म्हणजे नेमकी अशीच किर्द आहे, फरक इतकाच की ती एका गादीवर नाही, जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर तिची प्रत पडलेली आहे आणि ती कुणीही उघडून वाचू शकतं. खातेदाराचं नाव तेवढं नसतं, त्या जागी अक्षरं आणि आकड्यांची एक लांब माळ असते. पण ही माळ अमक्याची आहे हे एकदा कळलं की त्याचा मागचा सगळा व्यवहार तारीखवार समोर येतो, अगदी दहा वर्षांपूर्वीचासुद्धा.

सिल्क रोडचं हेच झालं. २०११ च्या सुरुवातीला रॉस उलब्रिक्ट या अमेरिकन पोराने ही साइट काढली, टॉर नावाच्या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरवरून उघडायची, माल बहुतेक अंमली पदार्थ, आणि पैसे फक्त बिटकॉइनमध्ये. तेव्हा बिटकॉइनला बाहेर कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे नाणं खरोखर बाजारात चालतं हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं ते तिथेच, आणि ही गोष्ट क्रिप्टोवाल्यांना आवडो न आवडो, खरी आहे.

त्याला पकडलं ती हकीकत मी किती वेळा वाचली असेल. १ ऑक्टोबर २०१३, मंगळवार दुपार, सॅन फ्रान्सिस्कोतलं ग्लेन पार्क नावाचं छोटं सार्वजनिक वाचनालय. उलब्रिक्ट सायन्स फिक्शनच्या कपाटांजवळ लॅपटॉप उघडून बसलेला. साइटच्या स्टाफमध्ये आधीच शिरलेला एक सरकारी अधिकारी बाहेरून त्याच्याशी चॅट करतोय आणि त्याला एक मेसेज बघायला सांगतोय, म्हणजे तो ॲडमिन पॅनलमध्ये लॉगिन होईल. तेवढ्यात त्याच्या मागे एक बाई आणि एक माणूस जोरजोरात भांडायला लागले, याने वळून बघितलं आणि त्या क्षणात लॅपटॉप ओढून घेतला गेला. भांडणारे दोघंही एफबीआयचे. एवढा खटाटोप कशासाठी, तर लॅपटॉपचं झाकण मिटलं असतं तर सगळं एन्क्रिप्ट झालं असतं आणि हाती काहीच लागलं नसतं. तो उघडा मिळाला आणि आत काय होतं तर डायरी, खर्चाची शीट, आणि १,४४,००० च्या वर बिटकॉइन.

आणि त्याच्यापर्यंत पोचले कसे? टॉर फोडून नाही. टॅक्स खात्याच्या एका माणसाने साधं गूगल सर्च केलं, साइटची सगळ्यात जुनी जाहिरात कुणी टाकली ते शोधलं, आणि त्याच टोपणनावाने नंतर नोकरीसाठी माणूस हवाय म्हणून लिहिताना उलब्रिक्टने स्वतःच्या खऱ्या नावाचा जीमेल दिलेला होता. पुढे २०१५ मध्ये कोर्टात एफबीआयच्या एका माजी एजंटने दाखवलं की सिल्क रोडच्या सर्व्हरवरून सुमारे सात लाख बिटकॉइन थेट या लॅपटॉपमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या पाकिटात, आलेले आहेत. एकेक व्यवहार तारखेसकट. ते काही कुणी फितूर होऊन सांगितलेलं नव्हतं, किर्दीतच होतं.

आता बिटकॉइनच्या किमतीचं. अटकेची बातमी २ ऑक्टोबरला फुटली तेव्हा १४० डॉलरच्या आसपासचा बिटकॉइन काही तासांत ११० च्या जवळ आला, सगळे म्हणाले संपलं, याचा एकमेव गिऱ्हाईकवर्ग गेला. काही दिवसांत भाव जागेवर आला आणि नोव्हेंबर संपायच्या आत हजार डॉलरच्या पुढे. त्या तेजीला चीनमधली खरेदी मोठं कारण होती, पण मला वाटतं धाडीचाही त्यात वाटा होता, कारण "हे फक्त ड्रग्जचं चलन आहे" हे म्हणणं त्या दिवशी तपासून बघता आलं, ड्रग्जचं दुकान बंद झालं तरी चलन उभं राहिलं. त्यानंतर डार्कनेटच्या मार्केटवर कितीतरी धाडी पडल्या, ऑपरेशन ओनिमस नावाची मोहीम, मग अल्फाबे आणि हायड्रा ही मार्केटं, भावाच्या चार्टवर त्या शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

पण परिणाम झाला नाही असं नाही. तो भावात नाही, दुसरीकडे दिसतो, आणि तेच मला सांगायचंय.

२०१७ च्या जुलैचं बघा. अल्फाबे तेव्हा सगळ्यात मोठं मार्केट, चालवणारा अलेक्झांडर काझेस नावाचा कॅनडियन, बँकॉकमध्ये लॅम्बोर्गिनी घेऊन राहणारा. सुरुवातीच्या काळात नव्या मेंबरना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये त्याचा स्वतःचा हॉटमेलचा पत्ता राहून गेला होता. ५ जुलैला थाई पोलिसांनी त्याच्या घराच्या गेटवर मुद्दाम गाडी ठोकली, तो बघायला बाहेर आला, लॅपटॉप आत उघडाच. आठवड्याभरात कोठडीत तो मेला. साइट अचानक गायब झाल्यावर सगळे विक्रेते आणि गिऱ्हाईकं धावत हान्सा नावाच्या दुसऱ्या मार्केटवर गेले, आणि हान्सा तर २० जूनपासूनच डच पोलीस चालवत होते! महिनाभर त्यांनी दुकान चालू ठेवलं, कोड बदलून पासवर्ड आणि घरचे पत्ते उतरवून घेतले, नेदरलँडबाहेरचे साधारण दहा हजार पत्ते युरोपोलकडे दिले, आणि २० जुलैला शटर ओढलं. या धाडीने लोकांचा मार्केटवरचा विश्वासच गेला, दुकान पोलिसांचं आहे की चोराचं हे कळायचा मार्ग उरला नाही. मला वाटतं बाकी सगळ्या कारवायांपेक्षा ही जास्त खोल गेली.

आणि विक्रेत्यांना हळूहळू कळलं की किर्द त्यांच्या विरोधात साक्ष देते. माग काढण्यातली सगळ्यात जुनी युक्ती अगदी साधी आहे. समजा मला हजाराचं बिल द्यायचंय आणि मी पाचशेच्या दोन नोटा एकाच वेळी काउंटरवर ठेवल्या, तर बघणारा म्हणणार या दोन्ही नोटा याच्याच खिशातल्या. बिटकॉइनमध्ये दोन वेगळ्या पत्त्यांवरची, म्हणजे त्या अक्षर-आकड्यांच्या माळांवरची, रक्कम एकाच व्यवहारात खर्च केली की असंच धरलं जातं, दोन्ही पत्ते एकाचेच. अशी हजारो पत्त्यांची मोळी बांधत जायची आणि त्यातला एक जरी पत्ता केवायसी घेणाऱ्या एक्स्चेंजला, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीला, लागला की समन्स पाठवायचं. म्हणून मग मोनेरो हे दुसरं नाणं. त्यात रक्कम, पाठवणारा, घेणारा, तिन्ही झाकलेलं. अल्फाबेने ऑगस्ट २०१६ मध्ये मोनेरो घेणार म्हणून जाहीर केलं तेव्हा काही आठवड्यांत तो दोन-अडीच डॉलरवरून दहाच्या वर गेला, म्हणजे एका डार्कनेट मार्केटने नाण्याचा भाव ठरवल्याचं हे उघड उदाहरण. आणि उलटंही झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने मोनेरो यादीतून काढणार म्हटल्यावर एका दिवसात साधारण एक तृतीयांश किंमत गेली. तरी नुसत्या मोनेरोवर चालणारं आर्केटिप जून २०२५ मध्ये पकडलं गेलंच, चालवणारा तीस वर्षांचा जर्मन माणूस बार्सिलोनात सापडला.

मला सगळ्यात जास्त पोखरते ती गोष्ट जेम्स झॉन्गची. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याला सिल्क रोडच्या पैसे काढण्याच्या सिस्टिममध्ये एक भोक सापडलं, काही खाती उघडून थोडे बिटकॉइन भरले आणि पटापट विथड्रॉ दाबत राहिला, भरले त्याच्या कितीतरी पट बाहेर काढले, पन्नास हजारांच्या वर. चोराच्या घरात चोरी, तक्रार कोण करणार? नऊ वर्षं गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल गावात त्याच्या घराची झडती झाली तेव्हा काही माल जमिनीखालच्या तिजोरीत मिळाला, आणि काही बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्यात, चादरींच्या खाली दडवलेल्या एका छोट्या सर्किट बोर्डवर. एकूण ५०,६७६ बिटकॉइन, त्या दिवसाच्या भावाने तीन अब्ज डॉलरच्या वर. झडतीच्या वेळी तो डबा उचलून बाजूला ठेवला गेला असता तर? पण नसता ठेवला गेला, कारण अधिकारी तिथे पोचले तेच मुळात किर्दीतल्या २०१२ च्या ओळी वाचत वाचत.

आणि पोलिसांना तरी किर्द सोडते का? सिल्क रोडच्याच तपासातले दोन अधिकारी, अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी खात्याचा, म्हणजे डीईएचा, कार्ल फोर्स आणि सीक्रेट सर्व्हिसचा शॉन ब्रिजेस, तपास चालू असतानाच बिटकॉइन लाटत होते. ब्रिजेसने तर पकडलेल्या ॲडमिनच्या लॉगिनवरून सुमारे वीस हजार उचलले. दोघांनाही २०१५ मध्ये सहा वर्षांच्या आसपास शिक्षा झाली, माग काढणारा टॅक्स खात्याचा टिग्रान गॅम्बॅरियन. हे वाचताना मला आपलं पुणं आठवतं. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या घोटाळ्यात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली, आरोप असा की वॉलेटमधली शिल्लक कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केले आणि नाणी वळती केली. आपल्याकडच्या साध्या लोकांनी, रिटायरमेंटचे पैसे घालणाऱ्यांनी, ज्या यंत्रणेवर भरवसा ठेवला तिच्यावर असा आरोप यावा याचं मला अजून वाईट वाटतं. क्रिप्टोचा मुद्देमाल पहिल्या दिवशीच कोर्टाच्या नावाच्या वॉलेटवर गेला पाहिजे आणि त्याचा पत्ता पंचनाम्यात लिहिला पाहिजे, म्हणजे पुढे शंका आली तर कुणालाही पडताळता येईल.

जप्त मालाचं अमेरिकेने काय केलं तेही इथेच सांगतो. जून २०१४ मध्ये मार्शल्स सर्व्हिसने सिल्क रोडच्या २९,६५६ बिटकॉइनचा लिलाव केला, सगळे टिम ड्रेपर या अमेरिकन गुंतवणूकदाराने घेतले. सरकारने गांजासारखं हे जाळून टाकलं नाही, मालमत्ता म्हणून विकलं, आणि तिथे बिटकॉइनला जी प्रतिष्ठा मिळाली ती कुठल्याही जाहिरातीने मिळाली नसती. २०२५ मध्ये तर उलटच धोरण आलं, ६ मार्चच्या आदेशाने जप्त केलेले बिटकॉइन विकायचेच नाहीत, राखीव साठा म्हणून ठेवायचे. म्हणजे डार्कनेटच्या धाडींतून आलेला माल आज एका देशाच्या तिजोरीचा भाग आहे. त्याच वर्षी २१ जानेवारीला उलब्रिक्टलाही माफी मिळून तो सुटला. दोन जन्मठेपा आणि वर चाळीस वर्षं ही शिक्षा मला जास्तच वाटायची, पण त्याला हीरो करणाऱ्यांशी माझं जमत नाही, २०१५ मध्ये शिक्षा सुनावताना ज्यांची मुलं ओव्हरडोसने गेली ते आईबाप कोर्टात उभे राहून बोलले होते.

काल भाच्याला म्हटलं माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः वाच. वन-एच-क्यू-थ्री ने सुरू होणाऱ्या एका पत्त्याची लिंक पाठवली. सिल्क रोडमधूनच चोरीला गेलेले सुमारे ६९ हजार बिटकॉइन त्यावर साडेसात वर्षं पडून होते, त्या वॉलेटची म्हणून एक फाइल फिरत होती आणि लोक पासवर्ड फोडायचा प्रयत्न करत होते, आणि ३ नोव्हेंबर २०२० ला ते अचानक हलले, दोन दिवसांनी कळलं की हलवणारं अमेरिकेचं सरकार होतं. एवढं सांगितलं आणि तारखा शोध म्हटलं.

रात्री एक वाजता त्याचा मेसेज, "मामा, ९ एप्रिल २०१३ ची एन्ट्री सापडली. आता याच्या मागे जातोय."