बॅकअप स्क्रिप्ट अपडेट: फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं वेगळी केली

बॅकअपची बॅश स्क्रिप्ट (बॅश म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच एक शेल) पुढे सरकलीय. नवीन फीचर काहीच नाही यावेळी, फक्त नावं बदललीत, पण मला विचाराल तर आत्तापर्यंतचं सगळ्यात कामाचं अपडेट हेच.

बॅशमध्ये फंक्शन (नाव दिलेला कमांड्सचा गट) आणि व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली व्हॅल्यू) यांची खाती वेगवेगळी असतात, त्यामुळे 'क्लीन' नावाचं फंक्शन आणि 'क्लीन' नावाचंच व्हेरिएबल दोन्ही सुखाने नांदतात, डॉलर लावला की व्हेरिएबलची व्हॅल्यू मिळते आणि ओळीच्या सुरुवातीला नुसतं नाव आलं की ती कमांड. शेलचा यात गोंधळ होतच नाही. खरा धोका असतो बरोबरच्या चिन्हाशेजारच्या स्पेसमध्ये. क्लीन=1 असं चिकटून लिहिलं तर व्हेरिएबल सेट होतं, पण क्लीन = 1 असं लिहिलं की शेल सरळ फंक्शन चालवतं, आणि '=' व '1' ही त्याला दिलेली दोन आर्ग्युमेंट, म्हणजे इनपुट! आता हे फंक्शन जुन्या फाइल्स उडवणारं असेल तर?? शेल स्वतःहून एरर देत नाही, वॉर्निंग देत नाही, काही नाही.

म्हणून आता फंक्शनचं नाव क्रियापदावरून, 'क्लीन_ओल्ड', आणि व्हेरिएबलचं नाव वस्तूचं, 'कीप_डेज'. स्पेस चुकून पडलीच तर 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि फाइल्स जागच्या जागी राहतात, ही एरर मला फार आवडते खरं तर.

व्हेरिएबल सगळी स्मॉल लेटर्समध्ये ठेवलीत. कॅपिटलमधली पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी), होम वगैरे सिस्टिमची, पाथवर काहीतरी भलतंच लिहिलं गेलं की फाइल्सची यादी दाखवणारी साधी एलएस कमांडसुद्धा सापडत नाही (एको, सीडी चालतात कारण ती शेलच्या आतलीच आहेत). झेड-शेलवाल्यांनी (ते बॅशसारखंच दुसरं शेल) मात्र स्मॉलमधलं 'पाथ' पण टाळा, तिथे ते कॅपिटल पाथला जोडलेलं असतं, साध्या फॉर लूपमध्ये वापरलं तरी पुढच्या कमांड्स गायब.

नवीन नाव घ्यायच्या आधी 'टाइप' कमांडला ते नाव देऊन बघायचं, बिल्टइन (शेलच्या आतली कमांड), फंक्शन, एलियस (कमांडचं टोपणनाव), डिस्कवरची फाइल जे असेल ते सांगते. व्हेरिएबल मात्र ती बघत नाही, त्यासाठी 'डिक्लेअर' मायनस पी.

लॉग लिहिणाऱ्या फंक्शनची नावं अजून जुनीच आहेत, पुढच्या वेळी ती.