आहे, पण कसं आहे?

महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या जडणघडणीविषयी लिहा, असं माजी विद्यार्थी संघाच्या पत्रात आहे. ते संचालक मंडळातले कुणीतरी लिहितीलच. नव्या इमारतीची वर्गणी, आंतरशालेय कबड्डीची ढाल, पुराच्या वर्षी वर्गात राहिलेली कुटुंबं, यावरही लिहिणारे पुष्कळ आहेत. मी बाईंविषयी लिहिणार आहे. नाव घालायची गरज नाही. आपल्या शाळेत सर बरेच होऊन गेले, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या इंग्रजीच्या बाईच.

मी पाचवीत आलो १९८२ साली. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आलं. म्हणजे दहा वर्षांचे होईपर्यंत आम्हाला एबीसीडीचीही धड ओळख नव्हती आणि त्यात घरी विचारावं असं कुणी नाही. अशा पोरांसमोर बाईंनी सहामाहीनंतर ‘हॅव’ काढला. पुस्तकात त्याचा अर्थ ‘जवळ असणे’ असा छापला होता. बाईंनी तो खोडायला लावला. छापील ओळ पेनने खोडायची, हेच आम्हाला केवढं तरी वाटलं!

मग गृहपाठ. घरात, रानात, बाजारात दिवसभर जिथे जिथे ‘आहे’ ऐकू येईल ते वाक्य जसंच्या तसं लिहून आणायचं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर जत्रा भरली. आजीला दमा आहे. म्हशीला रेडकू आहे. विहिरीला पाणी आहे. तात्यांकडे सायकल आहे. माझ्याजवळ सुटे आहेत. धाकटीत धमक आहे. दुकानात साखर आहे का? घरात कोण आहे का?

बाईंनी एकेका वाक्यातला प्रत्यय नाहीतर शब्दयोगी अव्यय खडूने गोलात घेतलं. ला, कडे, जवळ, त. म्हणाल्या, “आपल्याकडे ‘आहे’ एकटा येत नाही. कुणाला, कुणाकडे, कुणाजवळ, कुणात, ते आधी सांगावं लागतं. इंग्रज हे काही सांगत नाही. दमा, रेडकू, पाणी, सायकल, धमक, सगळ्याला एकच हॅव.” शेवटच्या दोन वाक्यांवर बराच वेळ गेला. साखरेच्या वाक्यात हॅव येतो, कारण इंग्रज दुकानाला न विचारता दुकानदाराला विचारतो. घरात कोण आहे का, याला मात्र येत नाही. का येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हालाच शोधायला लावलं. ‘इथे असणं वेगळं आणि कुणाचं तरी असणं वेगळं’ हे उत्तर बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून आलं.

त्या तासातला एक प्रसंग सांगायचा आहे. नदीपलीकडच्या वस्तीवरून येणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राचं वाक्य होतं, “आमच्याकडे चार एकर रान आहे.” त्याने अडखळत इंग्रजीही केलं, “वी हॅव फोर एकर्स ऑफ लँड.” लगेच एक जण ओरडला, “बाई, खोटं! रान ह्यांचं नाही. हे अर्धेलीनं करत्यात.” वर्ग हसला. तो उभाच होता, लालबुंद होऊन.

बाईंनी ओरडणाऱ्यालाच फळ्याजवळ बोलावलं. “त्याच्या वाक्यात खोटं कुठे आहे, ते दाखव.” त्याने वाक्य दोनदा वाचलं आणि मान खाली घातली. मग बाई त्या मित्राला म्हणाल्या, “आहे, पण कसं आहे? सांग.” तो म्हणाला, “रान आमच्याकडंच आहे, बाई. नांगरतो आम्ही, पेरतो आम्ही. मालक दुसरा आहे.”

“मग तुझं मराठी बरोबर आहे. ‘आमचं’ म्हणाला नाहीस, ‘आमच्याकडे’ म्हणालास. इंग्रजीही बरोबर आहे. फक्त ते वाक्य वाचणाऱ्याला मालक दिसणार नाही. तो दाखवायचा असेल तर दुसरं क्रियापद घ्यावं लागेल.” फळ्यावर ‘ओन’ आलं, ‘होल्ड’ आलं, ‘कल्टिव्हेट’ आलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी खडू चालूच होता, आणि नवल म्हणजे कुणी उठलं नाही.

पुढे दहावीपर्यंत बाईंनी हॅवची एकेक खोली उघडून दाखवली. ‘मला भाऊ आहे’, ‘मी जेवलो आहे’, ‘मला जायचं आहे’ ही तीन वाक्यं शेजारी लिहून त्यांनी विचारलं होतं की तिन्हींत समान काय? आपल्याकडे तिन्हींच्या शेवटी आहे, तिकडे तिन्हींत हॅव. तिसऱ्यावर त्यांचा एक पोटप्रश्न असे, “हौसेनं जायचंय की गरजेनं?” गरजेनं असेल तरच ‘हॅव टु’. आणि ते म्हणताना गळ्याला हात लावायचा. ‘आय हॅव टू ब्रदर्स’ मधल्या ‘व’ला गळा थरथरतो, ‘आय हॅव टु गो’ मध्ये त्या जागी थरथरत नाही, कारण तिथे बोलताना ‘हॅफ टु’ होतं. सगळा वर्ग स्वतःचा गळा धरून बसलाय आणि बाहेरून शिपाईमामा बघताहेत, हे दृश्य आमच्या तुकडीतला कुणीही विसरला नसेल. हे उच्चार बाईंनी कुठल्या महागड्या कोर्सात शिकले नव्हते. रात्री रेडिओवर लघुलहरींची खरखर सहन करत बीबीसी ऐकून शिकल्या होत्या.

‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असं कुणी म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, “भाऊ चालू आहेत का? जेवण चालू असतं, अंघोळ चालू असते. भाऊ चालू नसतो.” आजही मोठमोठ्या कंपन्यांतल्या अर्जांत ‘आय अॅम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स’ वाचलं की मला तो प्रश्न ऐकू येतो. तसंच ‘आय कट माय हेअर’. “मग न्हाव्याच्या पोटावर पाय का? ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हण. आपण कापून घेतो.” ‘काल पाहिलंय’ असं मराठीत खुशाल चालतं, पण हॅवला ‘काल’ चालत नाही, हे नववीत घोटून घेतलं. तिथेच ‘हॅड हॅड’ आलं. माझं जेवून झालं होतं, म्हणजे ‘आय हॅड हॅड माय लंच’. पोरांनी कुत्र्याला हाकलल्यासारखं ‘हाड हाड’ करून तास डोक्यावर घेतला. बाई स्वतःच खुर्चीत बसून हसल्या. त्या शिस्तीच्या बाईंना तसं हसताना आम्ही परत कधी पाहिलं नाही.

आता थोडं माझ्याविषयी, कारण पत्रात ‘सध्याच्या कार्याची माहिती द्यावी’ असंही आहे. मी मुंबईत जमिनीच्या दाव्यांची कागदपत्रं मराठीतून इंग्रजीत आणि उलट करतो. सातबारे, फेरफार, खरेदीखतं, कुळाचे कागद. हाताखाली चार तरुण मुलं आहेत. पहिल्या आठवड्यात मी त्यांना त्या अर्धेलीच्या रानाची गोष्ट सांगतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार’, म्हणजे नोंदीतला जमीनधारक असतो, पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव वेगळं असू शकतं, आणि साक्षीदार कोर्टात साधं म्हणतो, “जमीन माझ्याकडे आहे.” याचं इंग्रजी नुसतं ‘आय हॅव द लँड’ केलं तर मालकी की कब्जा, यावर दोन वकील दिवसभर भांडतील. म्हणून आमच्याकडे त्या वाक्यावर पेन्सिलीने खूण होते आणि कागद मागे जातो. कसं आहे, ते तपासा.

जुन्या इंग्रजी दस्तांत ‘टु हॅव अँड टु होल्ड’ अशी जोडी येते. लॅटिनमधल्या ‘हाबेंदुम एत तेनेंदुम’वरून आलेली ही घडण. तिथे हॅवला सोबत घ्यावी लागली, एकट्यावर भागलं नाही, याची मला गंमत वाटते. आपल्या खरेदीखतात त्याच जागी ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने उपभोग घ्यावा’ असं असतं. किती भरघोस! आणखी एक गोष्ट बाईंना फोनवर सांगितली तेव्हा त्या खूश झाल्या. ते लॅटिन ‘हाबेरे’ आणि इंग्रजी ‘हॅव’ दिसायला सख्खे भाऊ, अर्थही तोच, पण भाषाशास्त्रज्ञ त्यांना एका घरातले मानत नाहीत. हॅवचं नातं लॅटिनमधल्या ‘कापेरे’शी, म्हणजे पकडणे, हाती घेणे याच्याशी आहे. मूळ भाषेतला ‘क’ लॅटिनमध्ये तसाच राहिला, इंग्रजीच्या कुळातल्या भाषांत तो ‘ह’ झाला. म्हणजे हॅव मुळात हात घालून पकडणाराच.

एक खंत मात्र लिहितो. हल्ली मुलं “मला वेळ नाही” म्हणत नाहीत, “माझ्याकडे वेळ नाही” म्हणतात. अंघोळ ‘घेतात’. परवा एका चांगल्या घरातल्या मुलीने “माझ्याकडे दोन मावश्या आहेत” असं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, “राहायला आल्यात का?” तिला विनोद कळला नाही. इंग्रजीने आणि हिंदीने मिळून आपले ला, कडे, जवळ एकाच गोणीत भरले. सेमी-इंग्रजीला माझा विरोध नाही, माझी स्वतःची मुलं त्यातूनच गेली. पण फळ्यावर प्रत्ययाला गोल करणारं कुणी त्यांना भेटलं नाही, आणि ते मी घरी करून पाहिलं तर “बाबा, पुरे” एवढंच ऐकायला मिळालं.

शेवटी संयोजकांना एक विनंती. प्रत्येक तुकडीने आणलेली चांगली वाक्यं बाई एका जाड वहीत उतरवून घेत, खाली वाक्य आणणाऱ्याचं नाव घालून. निवृत्तीच्या वेळी ती वही त्यांनी शाळेतच ठेवली, असं त्या म्हणतात. पुठ्ठ्याची निळी वही, पाठीला पांढरी चिकटपट्टी. कार्यालयाशेजारच्या लाकडी कपाटात, तपासणीच्या जुन्या फायलींखाली असण्याची शक्यता आहे. महोत्सवातल्या प्रदर्शनाआधी कुणीतरी ते कपाट उपसून बघावं. सापडली तर तिच्या झेरॉक्स प्रती काढून सगळ्यांना वाटण्याचा खर्च मी देईन. एक प्रत बाईंना घरी पोचवायचं कामही माझ्याकडेच द्या.